पॅराडाइम म्हणजे काय? : 'प्रकृति', 'कित्ता' आणि हेमलकसा येथील माडिया बोली

'पॅराडाइम' हा शब्द अलीकडें मराठी लेखकांच्या लेखणींतून इतक्या सहजपणें उतरूं लागला आहे कीं, त्याचा अर्थ विचारणें हेंच जणुं अज्ञानाचें लक्षण ठरावें. व्याकरणकार त्या शब्दानें रूपांची मालिका समजतो. विज्ञानाचा इतिहास लिहिणारा एखाद्या काळच्या शास्त्रज्ञांचा विचारसंप्रदाय समजतो. समाजसेवेचे अहवाल लिहिणारा अनुकरणीय संस्था समजतो. आणि सरकारी पत्रकें लिहिणारा काय समजतो हें त्याचें त्यालाच ठाऊक. या सर्व अर्थांच्या मुळाशीं एकच व्यापार आहे, तो आपल्या पूर्वाचार्यांनीं फार बारकाईनें तपासलेला आहे, आणि त्या तपासणींतून निघालेली कसोटी आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील हेमलकसा येथील माडिया लोकांच्या बोलीस लावून पाहिली असतां कांहीं उपयुक्त गोष्टी हातीं लागतात, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ शब्द ग्रीक. 'शेजारीं ठेवून दाखविणें' असा त्याचा धात्वर्थ. आरिस्टॉटलनें या शब्दानें अनुमानाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यांत एका विशिष्ट गोष्टीवरून सामान्य नियमाकडे न जातां एका विशिष्टावरून दुसऱ्या विशिष्टाकडे जावयाचें असतें. आमच्या नैयायिकांचा 'उदाहरण' हा अवयव याच्या शेजारचा आहे, पण तोच नव्हे. महानसांत म्हणजे स्वयंपाकघरांत धूर व अग्नि एकत्र दिसतात, हें उदाहरण नैयायिक देतो तें व्याप्तीच्या आधारासाठीं. व्याप्ति सिद्ध झाली कीं महानसाचें काम संपलें. पॅराडाइमचें काम तेथें संपत नाहीं. तेथें स्वयंपाकघरच पुढें चालून इतर सर्व घरांचें माप होऊन बसतें. 'प्रतिमान' हा संस्कृत प्रतिशब्द हल्लीं रूढ होत आहे व तो वाईट नाहीं, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत घालावयाचें वजन असा त्याचा एक अर्थ आहेच. परंतु मराठींत याहून घरगुती शब्द पूर्वींपासून आहे, तो 'कित्ता'. मुलानें गिरवावयाची वळणदार ओळ ती कित्ता. आणि जुन्या हिशेबी कागदांतून 'वरीलप्रमाणेंच' या अर्थीं येतो तोही कित्ता. मोडी कागद हाताळणाऱ्या वाचकांस हे दोन्ही अर्थ परिचित आहेत. नमुना आणि 'तद्वत्', हे दोन अर्थ एकाच शब्दांत नांदावे यांत पॅराडाइमचें सारें तत्त्व आलें.

आतां व्याकरणाकडे वळूं, कारण हा शब्द इतर शास्त्रांत गेला तो तेथूनच. पाणिनीच्या सुमारें चार हजार सूत्रांत एकाही शब्दाची सबंध रूपावली नाहीं, ही गोष्ट शाळेंत संस्कृत शिकलेल्यांस प्रथम ऐकतांना खरी वाटत नाहीं. सात विभक्ति व तीन वचनें मिळून होणारे एकवीस सुप् प्रत्यय तो सांगतो, त्यांच्या जागीं होणारे आदेश सांगतो. रूपें घडवावयाचीं तीं शिकणाऱ्यानें. तथापि कित्त्याचें तत्त्व त्याच्याकडे नाहीं असें मात्र नव्हे. तें 'आदि' या दोन अक्षरांत आहे. धातूंचे दहा गण भ्वादि, अदादि, दिवादि, चुरादि इत्यादि नांवांनीं ओळखले जातात. म्हणजे रांगेंत पहिला उभा असलेला धातु आपल्यामागच्या सर्वांचा प्रतिनिधि होतो. नामांच्या व अव्ययांच्या गणांचीही हीच तऱ्हा. याहून सूक्ष्म कल्पना 'आकृतिगणा'ची. कांहीं गण मोजून पुरे केलेले असतात. कांहींत मात्र शब्द मोजलेले नसून ज्यांची आकृति, म्हणजे घडण, गणांतील शब्दांसारखी दिसेल ते सर्व त्यांत धरावे असें टीकाकार सांगतात. बंद यादी आणि उघडी यादी यांत एवढा स्पष्ट भेद करणारें दुसरें प्राचीन व्याकरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

रूपावली आली ती पुढें, शिकविण्याच्या सोयीसाठीं. प्रक्रियाग्रंथांची परंपरा सिद्ध झाल्यावर, आणि सतराव्या शतकांत भट्टोजी दीक्षितांची सिद्धान्तकौमुदी सर्वत्र चालूं लागल्यावर, अकारान्त पुल्लिंगी नामांच्या मस्तकीं 'राम' शब्दाची स्थापना झाली ती आजतागायत. आम्हीं उमेदीचीं सर्व वर्षें मुलांकडून 'रामः रामौ रामाः' घोकून घेण्यांत घालविलीं, तेव्हां या पद्धतीची निंदा आमच्याकडून होणें शक्य नाहीं. एक शब्द पाठ झाला कीं देव, वृक्ष, ग्राम असे सहस्रावधि शब्द फुकट पदरांत पडतात. इतका स्वस्त व्यवहार दुसऱ्या कोणत्या शास्त्रांत आहे? पण त्याच वर्गांत 'हरि' शिकून झाल्यावर 'सखि' आणि 'पति' येतात, आणि हुशार मुलगा विचारतो कीं, हे दोघे हरीसारखे कां चालत नाहींत? त्यांतही 'पति' एकटा असतां निराळा चालतो, आणि 'भूपति' असा समासाच्या शेवटीं आला म्हणजे निमूटपणें हरीच्या मागें जातो. याचें उत्तर कोष्टकांत नाहीं. तें सूत्रांतच पाहावें लागतें. कोष्टकानें शब्द कसा चालतो हें कळतें, कां चालतो हें कळत नाहीं, आणि कोष्टक दुसऱ्या भाषेस लावूं गेलें म्हणजे हा उणेपणा अंगलट येतो.

दूर जावयास नको, मराठीचेंच उदाहरण घ्यावें. कॅरेचें मराठी व्याकरण १८०५ सालीं व दादोबा पांडुरंगांचें १८३६ सालीं निघालें. तेव्हांपासून शाळेंत जें विभक्तींचें कोष्टक चालत आलें, त्यांत द्वितीयेचे प्रत्यय 'स, ला, ते' आणि चतुर्थीचेही 'स, ला, ते'. दोन घरांत एकच कुटुंब राहत असतां घरें दोन कां? तर संस्कृतांत दोन होतीं म्हणून. उलट 'घोडा' याचें प्रत्यय लागण्यापूर्वीं 'घोड्या' होतें तें सामान्यरूप मराठीच्या नामविभक्तीचा कणा आहे. पण संस्कृत कोष्टकांत त्याला घरच नसल्यामुळें तें कोष्टकाबाहेर स्वतंत्र प्रकरणांत सांगावें लागलें. कित्ता दुसरीकडे नेला म्हणजे हे दोन दोष बहुधा जोडीनें येतात. एक, नसलेल्या वस्तूसाठीं घर राखून ठेवणें. दुसरा, असलेल्या वस्तूस घर न देणें.

या दोषांचा विचार व्याकरणापेक्षांही खोल केला आहे तो मीमांसकांनीं. श्रुतींत प्रत्येक यागाची सर्व अंगें सांगितलेलीं नाहींत. दर्शपूर्णमासांचीं अंगें सविस्तर सांगितलीं आहेत, म्हणून ती सर्व इष्टींची 'प्रकृति'. सोमयागांत ज्योतिष्टोम ही प्रकृति. बाकीच्या 'विकृति'. विकृतीविषयीं वचनें त्रोटक असतात, आणि उरलेलें सर्व प्रकृतीप्रमाणें करावें असा न्याय आहे. याला अतिदेश म्हणतात. येथवर हें 'राम' आणि 'देव' यांच्यासारखेंच झालें. परंतु जैमिनीच्या बारा अध्यायांपैकीं सातवा व आठवा अतिदेशाला देऊन सूत्रकार थांबला नाहीं. नववा अध्याय त्यानें 'ऊहा'ला आणि दहावा 'बाधा'ला दिला. प्रकृतींत अग्नीला उद्देशून असलेला मंत्र सूर्यदेवतेच्या विकृतींत जसाच्या तसा म्हटला तर अर्थ बिघडतो. तेथें देवतेचें नांव बदलून म्हणावें, हा ऊह. आणि प्रकृतींतील एखादी क्रिया विकृतींत निरर्थकच होत असेल तर ती टाकून द्यावी, हा बाध. याचें शास्त्रप्रसिद्ध उदाहरण मोठें मजेचें आहे. एका कर्मांत धान्याच्या ऐवजीं सोन्याच्या गुंजांचा, म्हणजे कृष्णलांचा, चरु सांगितला आहे. प्रकृतींत धान्य कांडावें असें आहे, कारण त्याचा कोंडा काढावयाचा असतो. सोन्याला कोंडा कोठला? तेव्हां कांडण्याचा बाध. प्रकृतीवर कितीही श्रद्धा असली तरी सोनें उखळांत घालून कांडावें असें कोणाही मीमांसकानें म्हटलेलें नाहीं.

अतिदेश, ऊह व बाध मिळून कित्त्याचें संपूर्ण शास्त्र होतें. नुसता अतिदेश म्हणजे नक्कल. आमच्या मतें, आधुनिकांनीं 'पॅराडाइम' शब्दाभोंवतीं जो ग्रंथसंभार रचला आहे त्यांत या तिहींपैकीं पहिल्याचीच चर्चा फार आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें निराळ्या वाटेनेंही ठाऊक आहे. ज्या पोथीवरून नक्कल उतरली ती 'आदर्श' प्रत. आणि आदर्श म्हणजे आरसाही. लेखक पोथीच्या शेवटीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा नव्हे, अशा आशयाचा श्लोक जोडून मोकळा होतो. म्हणजे त्याचें ब्रीद शुद्ध अतिदेशाचें. ऊह करणारा लेखक हा संपादकाचा शत्रु, कारण त्याच्या शहाणपणामुळेंच पाठ बिघडतात! भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तींत अशा शहाण्या लेखकांच्या पाऊलखुणा पानोपानीं तळटीपांत सांपडतात. उलट मेस्तकासारखें पत्रलेखनाचें पुस्तक घ्या; त्यांतील मायने ऊहासाठींच केलेले. कोणास काय लिहावें याचा सांचा ठरलेला, नांव व पदवी मात्र ज्याची त्याची. सांचा एकच, पण कोठें हात लावावयाचा आणि कोठें नाहीं हें प्रयोजनावरून ठरतें.

टॉमस कून या अमेरिकन पंडितानें १९६२ सालीं वैज्ञानिक क्रांतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पॅराडाइम शब्द जगभर गेला. लॅटिन क्रियापदाच्या रूपावलीचा दाखला त्यानें स्वतःच दिला आहे. पुढें मार्गारेट मास्टरमन या विदुषीनें १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्याच्या ग्रंथांत हा शब्द एकवीस निरनिराळ्या अर्थांनीं आल्याचें दाखविलें. एकवीस सुप् प्रत्ययांची आठवण होऊन संस्कृतज्ञांस हंसूं यावें. कूननें १९६९ सालच्या पुरवणींत त्यांतून दोन मुख्य अर्थ निवडून काढले: एक, शास्त्रज्ञांच्या समूहाची एकंदर समजूत, आणि दुसरा, जीं सोडवून विद्यार्थी शास्त्र शिकतो तीं नमुन्याचीं उदाहरणें. हा दुसरा अर्थ आमच्या रामशब्दाच्या जवळचा व आम्हांस अधिक पटणारा आहे. मराठी इतिहासलेखनांत असा पालट १८९८ सालीं झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या सालीं वि. का. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला आणि बखरींच्या जागीं अस्सल पत्रें हा इतिहासाचा कित्ता ठरला. त्या कित्त्यावर आपण सर्वांनीं आजवर हात घटविला. पण ज्यांच्याकडे पत्रच नाहीं, त्यांचें काय? हा प्रश्न आम्हांस चांद्याच्या रानांत घेऊन जातो.

गोंडी भाषेचे लेख जमविण्याचें काम प्रथम ज्यांनीं आस्थेनें केलें त्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप प्रमुख होत. लिंगोची कथा त्यांनीं एका परधानाच्या तोंडून रोमन अक्षरांत उतरून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून परततांना ते पाण्यांत बुडून वारले. त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. यानंतरचें मोठें काम ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचें. तिचे खंड १९०३ पासून १९२८ पर्यंत निघाले. गोंडी ज्यांत आहे तो मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड, स्टेन कोनोव यांनीं सिद्ध केलेला, १९०६ सालचा. हें काम केवढें मोठें होतें हें सांगावयास नको. आम्हांस येथें पाहावयाचा आहे तो त्याचा कित्ता.

प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलांतील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचें भाषांतर मागविण्यांत आलें. गोष्ट निवडतांना धर्मापेक्षां व्याकरणाकडे लक्ष होतें: तिन्ही पुरुषांचीं सर्वनामें, बहुतेक विभक्ति आणि तिन्ही काळ तींत येऊन जातात. हिंदी लोकांस खटकूं नये म्हणून मजकुरांत थोडा फेरही केला होता. म्हणजे ऊह झाला होता. त्याबरोबर २४१ शब्दांची व वाक्यांची ठरीव यादी होती. या यादीचा व्याकरणाचा भाग वाचतांना सांच्याच्या कडा बोटांस लागतात. बाप, बापाचा, बापास, बापापासून, दोन बाप, पुष्कळ बाप. मग हीच मालिका मुलीची. पुढें चांगला पुरुष, चांगली स्त्री. घोडा आणि घोडी, बैल आणि गाय. आणि 'मारणें' या क्रियापदाचीं रूपें. मध्येंच 'चांगला' याच्या तीन पायऱ्या, इंग्रजींत शब्दाचें रूपच बदलून होतात त्या. मराठी माणसासही या तीन घरांत 'चांगला', 'त्याहून चांगला' व 'सर्वांत चांगला' असें शब्द जोडूनच भरावें लागलें असेल, कारण आमच्या विशेषणास पायऱ्या नाहींत. सोन्यास कोंडा नसतांना उखळ पुढें केलें तें हें असें.

असलेल्या वस्तूस घर न मिळण्याचीं उदाहरणें याहून महत्त्वाचीं आहेत. गोंडींत, व म्हणून तिची एक शाखा जी माडिया तींतही, लिंगें तीन नाहींत. एक वर्ग पुरुषांचा. दुसऱ्या वर्गांत स्त्रिया, जनावरें, झाडें, दगड सर्व. 'तो' याला गोंडींत 'ओर' आणि 'ती' व 'तें' या दोहोंस मिळून 'अद'. क्रियापदही याच भेदाप्रमाणें बदलतें. बाई आली आणि पाऊस आला या दोन ठिकाणीं रूप एकच. आतां घोडा व घोडी, बैल व गाय अशा जोड्या विचारीत जाणाऱ्यास यांतील काय कळणार? गोंडींत बैलही पुरुषवर्गांत नाहीं. जोडींतील दोन शब्द लिहून घेतले जातात, दोन घरें भरतात, आणि भाषेच्या विभागणीची खरी रेघ दोघांच्याही पलीकडून गेलेली असते. (यावरून माडिया लोक स्त्रियांस हीन लेखतात असें अनुमान काढणारे लेखक आम्हीं वाचले आहेत. मग 'दार' या अर्थीं 'दाराः' म्हणून पत्नीस पुल्लिंगी बहुवचनांत बसविणाऱ्या संस्कृताविषयीं ते काय म्हणतील? व्याकरणाचें लिंग आणि समाजांतील मान यांची अशी गल्लत करूं नये.) दुसरें उदाहरण नकाराचें. द्राविडी भाषांत नकार पुष्कळदां निराळा शब्द जोडून होत नाहीं, क्रियापदाच्या अंगांतच मुरतो. 'मला माहीत नाहीं' एवढा अर्थ गोंडींत 'पुन्नोन' या एका रूपानें होतो, आणि त्या रूपास पुरुष व वचन आहे. म्हणजे होकाराची एक रूपावली, तशी नकाराचीही. संस्कृताच्या दहा लकारांत किंवा लॅटिनच्या कोष्टकांत या मालिकेसाठीं रकाना नाहीं. कोनोव हे साक्षेपी पंडित. कोष्टकाखेरीज स्वतंत्र व्याकरण लिहून त्यांनीं ही उणीव पुष्कळ भरून काढली. पण ज्यांनीं पुढें नुसत्या याद्या केल्या त्यांच्या हातून ती भरली गेली नाहीं.

लिपीचीही अशीच एक हकीकत आहे, ती पोथ्यांच्या संग्राहकांसाठीं येथें मुद्दाम नमूद करतों. चंद्रपुराच्या दक्षिणेस तेलंगणांतील आदिलाबाद भागांत गुंजाला म्हणून गांव आहे. तेथील गोंडी पोथ्या या शतकाच्या आरंभीं हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं प्रकाशांत आणल्या. त्यांच्या लिपीस २०१८ सालीं युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत स्थान मिळालें. (बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ सालीं रचलेली गोंडी लिपि ती निराळी.) या गुंजाला लिपीची वर्णमाला 'क ख ग' अशी नाहीं. तिचीं व्यंजनें य, व, ब, भ, म येथून सुरू होतात. मग क, ख, त, थ, ल. मग ग, घ, द, ध, न. पुढें च, छ, ट, ठ, ळ. आणि ज, झ, ड, ढ, ङ. प्रथमदर्शनीं हा गोंधळ वाटतो. पण पांच पांचांच्या ओळी पाहाव्या. कठोर वर्णांची ओळ झाली कीं तिच्या जोडीच्या मृदु वर्णांची ओळ येते, आणि शेवटचें पांचवें घर ल, न, ळ, ङ अशा वर्णांस दिलेलें. यांत व्यवस्था आहे; ती आमच्या प्रातिशाख्यांची नव्हे, एवढेंच. एखाद्या जुन्या संग्रहांत अशी वर्णमाला सुटी सांपडली असती तर 'अशिक्षिताचें अशुद्ध लेखन' असा शेरा मारून ती बस्त्यांत बांधली गेली असती, अशी आम्हांस भीति वाटते. असे शेरे मारलेले बस्ते आपल्या संग्रहांतून कांहीं थोडे नाहींत.

आतां प्रत्यक्ष हेमलकसा. पूर्वींच्या चांदा जिल्ह्याचा पूर्वभाग तोडून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा झाला, त्यांतील भामरागड तालुक्यांत हें गांव आहे. जवळच इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांचा संगम. पावसाळ्यांत पूर आला कीं मुलूख तुटतो. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. बाबा आमटे यांनीं येथें २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तो चालविला. त्या उभयतांस २००८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

'आदर्श संस्था' या अर्थीं पॅराडाइम शब्द योजणारे लोक हेमलकशाचें नांव वारंवार घेतात, म्हणून त्याची परीक्षा प्रकृति-विकृति-न्यायानें करून पाहणें योग्य होईल. प्रकृति उघड आहे: वरोऱ्याचें आनंदवन. १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन झाली ती कुष्ठरोग्यांसाठीं. समाजानें बाहेर टाकलेल्या माणसांनीं एकत्र येऊन श्रमानें नवें गांव वसवावें, हें तेथील प्रधान कर्म. हेमलकशास हेंच कर्म नेलें असतें तर? माडियांस कोणी गांवाबाहेर काढलें नव्हतें. त्यांचीं गांवें होतीं, शेती-शिकार होती, गोत्रांची व देवांची बांधणी होती. तेथें नवें गांव वसविणें म्हणजे सोनें कांडणें. म्हणून या अंगाचा बाध झाला. रुग्णसेवा हें अंग राहिलें, पण कुष्ठाच्या ठिकाणीं हिवताप, क्षय, अस्वलाच्या जखमा असा ऊह झाला. आणि प्रकृतींत जें मुळींच नव्हतें असें एक अंग येथें आरंभींच करावें लागलें: भाषा शिकणें. वैद्यकाचें सारें शिक्षण रोगी आपलें दुखणें सांगतो असें गृहीत धरतें. येथें रोगी सांगत होता, वैद्यास कळत नव्हतें. डॉक्टरांनीं माडिया शिकून घेतली ती व्याकरणावरून नव्हे. येणाऱ्या माणसांच्या तोंडून, एकेका वाक्यानें. पाणिनीनेंही लोकव्यवहारच आधीं पाहिला आणि सूत्रें मागाहून केलीं, हें येथें आठवतें. 'हेमलकसा मॉडेल' अमुक जिल्ह्यांत न्यावें असें लिहिणाऱ्यांनीं त्यांतलें काय न्यावयाचें, हा प्रश्न अगोदर सोडवावा. १९९२ सालीं राळेगण सिद्धीच्या नमुन्यावर शासनानें आदर्श गांव योजना काढली, तेव्हांही प्रश्न हाच होता. नांवांतच 'आदर्श' म्हणजे आरसा आहे. आरशांत पाहणाऱ्याचेंच तोंड दिसावें, दुसऱ्याचें नव्हे.

प्रकल्पाची शाळा १९७६ सालीं सुरू झाली. माडिया मुलें तींत आलीं आणि मराठी शिकलीं. त्यांतून पुढें डॉक्टर व शिक्षकही झाले. पण आम्हां व्याकरणाच्या माणसांपुढचें काम यापुढें सुरू होतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें, शक्य असेल तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंत शिकवावें असें म्हटलें आहे. तें धोरण मनावर घेतलें गेलें तर माडियाचीं शालेय पुस्तकें लागतील, आणि पुस्तकांमागून व्याकरणही येईल. तें कोण लिहील? बहुधा मराठी शाळांत शिकलेला आमच्यासारखा कोणी मास्तर. त्याच्या हाताशीं तयार कोष्टक आहे: लिंगें तीन, विभक्ति आठ, द्वितीया आणि चतुर्थी सारख्याच प्रत्ययांच्या. तो तें प्रामाणिकपणें भरील. मुलीस स्त्रीलिंगाचें घर देईल, झाडास नपुंसकाचें. दोन्ही घरांत क्रियापदाचें रूप एकच पडलें म्हणजे त्यास वाटेल कीं या बोलींत भेद पुसट झाले आहेत. नकाराच्या रूपावलीस घर न मिळाल्यानें तो तिला 'अपवाद' या सदराखालीं टाकील. मग माडियाचें मूल आपलीच भाषा परीक्षेसाठीं शिकेल आणि तीं आपल्या बोलींतील दोन-तृतीयांश गोष्टी अपवाद म्हणून पाठ करील. एखाद्या भाषेचा याहून मोठा अपमान आम्हांस कल्पितां येत नाहीं, आणि तो करणारा मनुष्य द्वेष्टा नसून हितकर्ताच असेल.

यावर उपाय कोष्टक टाकून देणें हा नव्हे. कोष्टकावांचून शिकवितां येत नाहीं, हें चाळीस वर्गांचा अनुभव आम्हांस सांगतो. माडियाचा 'राम' माडियांतूनच निवडला पाहिजे. पुरुषवर्गांतील एक शब्द, इतरवर्गांतील एक शब्द, त्यांचीं अनेकवचनें, आणि प्रत्ययापूर्वीं होणारें विकारी रूप. हें शेवटचें मराठीच्या सामान्यरूपाचें नातलग असल्यामुळें मराठी शिक्षकास संस्कृतज्ञापेक्षां लौकर कळावें. क्रियापदाच्या होकाराशेजारीं नकाराची मालिका ठेवावी. गण बंद न करतां आकृतिगणासारखे उघडे ठेवावे, कारण भामरागडचा माडिया आणि बस्तरचा माडिया यांचें बोलणें सर्वस्वीं एक नाहीं.

राहिला पत्र नसलेल्यांच्या इतिहासाचा प्रश्न. माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवतात. गांवाबाहेर, वाटेच्या कडेस ते दिसतात. हिस्लॉप ज्यांच्या शोधांत गेले होते तीं विदर्भांतील शिलावर्तुळें लोहयुगांतील, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतलीं. तीं कशासाठीं उभारलीं असतील हें समजून घेण्यास पुराणवस्तुशास्त्रज्ञ माडियांच्या जिवंत रूढीचा दाखला घेतात, आणि घ्यावा. पण येथें प्रकृति कोणती व विकृति कोणती? हल्लींची रूढि सविस्तर माहीत आहे म्हणून ती प्रकृति धरली जाते. काळानें ती दोन हजार वर्षांहून अधिक मागाहूनची. शिवाय शिलावर्तुळांखालीं लोखंडाचीं हत्यारें व घोड्यांचे अवशेष निघतात. तेव्हां दगड उभारण्याचा अतिदेश करतांना घोड्याचें काय करावयाचें, हें अगोदर ठरवावें लागेल. जे संशोधक यापुढें भामरागडकडे जातील त्यांनीं प्रत्येक उभ्या दगडाची नोंद घेतांना त्याची उंची, दिशा व जागा तर टिपावीच. परंतु तो कोणाचा, कोणीं रोवला, त्या वेळीं काय केलें, हें गांवकऱ्यांच्या माडिया वाक्यांतच, त्यांनीं उच्चारलें तसें, देवनागरींत उतरून घ्यावें आणि मराठी अर्थ त्याखालीं निराळ्या ओळींत लिहावा. अशीं टिपणें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं मंडळाकडे नकलेसाठीं पाठवावीं, अशी त्यांस विनंती आहे.